एफ तुकडी परत येतेय, नीलू

नीलू, काल दुपारी प्रिन्सिपल सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि तुझं टाइमटेबल माझ्या गळ्यात घातलं. तुझा तेरावा अजून व्हायचाय. सुधीर भावोजी दाढी न करता सोफ्याच्या टोकाला बसतात आणि येईल त्याला "चहा घेणार ना?" विचारतात. चहा करणार कोण, हे त्यांनाही ठाऊक नसतं. पण शाळेला एप्रिलची घाई. नवं वर्ष सुरू होणार, टाइमटेबल लागणार. सर म्हणाले, "मंजिरी मॅडम, आप ही तो उनके साथ बैठती थीं." बसायचे खरी. तुझ्या डब्यातली कारळ्याची चटणी खायला आणि तुझ्याशी भांडायला बसायचे. त्यांना वाटलं, मी शिकतेय.

मग त्यांनी कागद पुढे सरकवला. आठवीला पुन्हा सहा तुकड्या. ए पासून ई पर्यंत नेहमीच्या, आणि सहाव्या तुकडीला आता झकास नाव दिलंय, ग्लोबल सेक्शन. "ह्यात कोण?" मी विचारलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फ्रेंचवाले बच्चे." म्हणजे कोण ते त्यांना माहीत, मला माहीत, आणि तुला तर सगळ्यांत जास्त माहीत. घाना, नायजेरिया, युगांडाची मुलं. चार वर्षांपूर्वी तू मोडलेली एफ तुकडी नवं नाव लावून परत येतेय, आणि ती बसवायचं काम माझ्याकडे आलंय.

कालपासून मी एका जागी बसलेले नाही. स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून परत. खाली दुबईहून येणाऱ्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या, त्या बघायच्या आणि पुन्हा आत यायचं. मिलिंद म्हणतो, "रडून घे एकदा." मला रडू येत नाही, राग येतो. तू गेलीस याचा राग आहेच. पण आपलं भांडण अर्धवट टाकून गेलीस याचा त्याहून जास्त आहे. ते भांडण दोघींचं होतं. आता मी एकटीने ते कसं भांडायचं?

एफ तू स्वतःच केली होतीस, आणि हे तू कधी लपवलं नाहीस. मी शाळेत लागले तेव्हा पहिल्या आठवड्यातच तू सांगितलंस. शारजातल्या इतर शाळांपेक्षा आपली फी कमी, म्हणून हमरिया फ्री झोनमध्ये काम करणारे, सलून चालवणारे आफ्रिकी आईबाप आपल्या भारतीय शाळेत मुलं घालायचे. आपली मुलं हिंदी घ्यायची, ती मुलं फ्रेंच. एकाच वर्गात दोन्ही आली, की हिंदीच्या तासाला फ्रेंचवाल्यांना बसवायचं कुठे? तू सोपा मार्ग काढलास. फ्रेंचवाली सगळी एका तुकडीत. "कुणाच्या मनात काही नव्हतं गं," तू म्हणायचीस, "मी फक्त पिरियड बसवला."

पिरियड बसला आणि बाकीचं आपोआप होत गेलं. ज्यांना अजून वर्ग आवरता येत नाही असे नवे शिक्षक एफला. नापास होऊन मागे राहिलेली आपली मुलं, तीही एफला. प्रयोगशाळेचा तास एफला गुरुवारी शेवटचा, आणि शुक्रवारची सुट्टी म्हणून गुरुवारी बसेस लवकर सुटायच्या. मग अकरावीला सायन्सचे प्रवेश देताना लोक विचारायचे, ह्या मुलांनी प्रॅक्टिकल केलंय कुठे? मी बायोलॉजीवाली. एफची मुलं माझ्या लॅबच्या काचेतून आत बघत बसकडे जायची, ते मला दिसायचं. मी तुला सांगायचे आणि तू म्हणायचीस, पुढच्या वर्षी गुरुवार बदलू. गुरुवार बदलण्यासारखी गोष्ट आहे का ही, असं म्हणून मी तणतणायचे. तेव्हा तुला खरंच कळत नव्हतं.

तुझ्या डोळ्यांवरची झापड गॅदरिंगमुळे उतरली. तू आठवी एफच्या मुलींना जाऊन मोठ्या उत्साहाने सांगितलंस, यंदा तुमचा आफ्रिकन डान्स बसवू. अबेना उठून उभी राहिली. अबेना ओफोरी, जिचे वडील हमरियात बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. ती म्हणाली, "मॅम, आय डोन्ट नो एनी आफ्रिकन डान्स. आय वॉज बॉर्न इन शारजा." तू स्टाफरूममध्ये आलीस ती हसतच. स्वतःलाच हसत होतीस. "अगं, उद्या आमच्या ईशाला कुणी म्हटलं, लावणी करून दाखव, तर ती काय करेल? तिला महाराष्ट्र म्हणजे डास आणि आजी एवढंच माहितीय." हसता हसता तू थांबलीस, पदर सावरलास आणि उठून पुन्हा एफच्या दारात जाऊन उभी राहिलीस. परत आलीस तेव्हा आवाज खाली गेला होता. "मंजे, अगं, सगळी काळी मुलं एका खोलीत आहेत." इतकी वर्षं त्याच खोलीत तू गणित शिकवत होतीस. मी म्हटलं, "आज दिसलं?" तू म्हणालीस, "हो, आज दिसलं. आता पुढे काय ते बोल."

पुढे काय, यावरच तर आपलं कधी पटलं नाही.

पहिल्यांदा तुझी पद्धत मी पाहिली ती वाचनालयात. शनिवारी तू एफच्या मुलींना शहरातलं मोठं वाचनालय दाखवायला नेलंस, सोबत सी तुकडीच्या चारदोन मुली, आणि मी. सी च्या मुली सरळ आत गेल्या. अबेना आणि तिच्या मैत्रिणी दाराशी आल्या आणि सिक्युरिटीवाल्याने हात आडवा केला. "आयडी दिखाओ." माझं डोकं तापलं. मी म्हणणार होते, का हो, आत्ता त्या गेल्या त्यांचं का नाही पाहिलंत? तू माझी ओढणी मागून ओढलीस. "भाईसाब बिलकुल ठीक बोल रहे हैं," तू म्हणालीस, "सबका देखिए." आणि आत गेलेल्या सी च्या मुलींना परत बाहेर बोलावलंस. मग तुझं कार्ड, माझं कार्ड, प्रत्येकीचं कार्ड. मागे एक अरब कुटुंब खोळंबलं होतं, त्यांच्या बाबाने घड्याळ बघून "यल्ला, यल्ला" सुरू केलं. सिक्युरिटीवाला घामाघूम. शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, जाइए, सब जाइए." दर महिन्याला तू त्यांना घेऊन गेलीस. पुढेपुढे तो अबेनाला नावाने हाक मारायला लागला, तिच्यासाठी गोष्टींचं कपाट कुठे हलवलंय ते सांगायला लागला.

"बघ," तू मला म्हणालीस, "भांडले असते तर एकदाच आत गेलो असतो." मी म्हटलं, "आणि दुसरी कुणी मुलगी एकटी गेली तर? तुझ्याशिवाय? त्याला कुठे कळलंय त्याने काय केलं ते." तू म्हणालीस, "कळून काय करायचंय? वागणं बदललं ना." मी अजूनही मानत नाही. पण तो माणूस नंतर खरंच बदलला होता, हेही खोटं नाही.

मग मंदी आली. रोज सकाळी ऑफिससमोर टीसी मागायला आईबाप उभे. कालपर्यंत अल नाहदाच्या टॉवरमधली मोठ्या फ्लॅटवाली माणसं, आज विमानाचं तिकीट हातात आणि मुलाची परीक्षा लवकर घ्या म्हणून विनवणी. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये धूळ चढलेल्या गाड्या मालकांवाचून तशाच पडून. तुझ्याही घरी बॅगा माळ्यावरून खाली आल्या होत्या. सुधीर भावोजींच्या कंपनीने अर्धी माणसं परत पाठवली, उरलेल्यांना रोज सकाळी वाटायचं आज खलास. त्या दिवसांत प्रत्येक जण आपापला जीव मुठीत धरून होता. तू एकटी होतीस जी रिकाम्या बाकांकडे बघून हिशोब करत होतीस, की आता तुकड्या कमी कराव्या लागणार.

सरांकडे गेलीस तेव्हा मला दारात उभं केलंस आणि तोंड उघडायचं नाही असं बजावलंस. सरांना म्हणालीस, मुलं कमी झाली, सहा तुकड्यांना शिक्षक पुरत नाहीत. चार करू. एफ वेगळी ठेवायची चैन परवडणार नाही. भाषेच्या तासाला शिक्षक वर्गात जाण्याऐवजी मुलंच आपापल्या भाषेच्या खोलीत जातील. खर्च वाचेल, मॅनेजमेंट खूश. सरांनी तुझ्याकडे जरा बघितलं आणि सही केली. केबिनबाहेर आल्यावर तू माझा हात इतका घट्ट धरलास की माझी बांगडी पिचली. "झालं," तू म्हणालीस. "काळी, गोरी, हिंदी, फ्रेंच, काही बोलावं लागलं नाही. झालं."

एप्रिलमधला पहिला दिवस आठवतो. आपल्या शाळांमध्ये मूल आठही पिरियड एका बाकावर चिकटलेलं असतं आणि शिक्षक फिरतात. तू ते उलटं केलंस. घंटा झाली आणि अख्खी नववी कॉरिडॉरमध्ये. दप्तरं, बाटल्या, कुणाची कंपासपेटी खाली सांडलेली, हिंदीवाल्या फ्रेंचच्या खोलीत आणि फ्रेंचवाल्या हिंदीच्या खोलीत. तू जिन्याच्या वळणावर ट्रॅफिक पोलिसासारखी उभी होतीस, हातात खडू, साडीवर खडूची पांढरी बोटं. पीटीचे सर ओरडत होते, शिस्त राहिली नाही. तुझं उत्तर एकच, "इन्शाल्ला, उद्या बरं होईल." दुपारी मुलग्यांच्या शिफ्टला तेच पुन्हा. पंधरवड्यात मुली गप्पा मारत, एकमेकींच्या हातात हात घालून भाषेच्या तासाला जायला लागल्या. त्या चालण्यात त्यांची मैत्री झाली, हे तुलाही आधी सुचलं नव्हतं.

आणि माझ्या लॅबमध्ये अबेना आली. कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा थेंब, काचपट्टी. तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि उठेचना. मागे मुली ताटकळलेल्या. "अबेना, नेक्स्ट गर्ल," मी म्हटलं. ती तशीच वाकलेली. "वन मिनिट, मॅम. प्लीज, वन मिनिट." मी तिला अजून बसू दिलं. संध्याकाळी मी तुला फोन करून हे सांगितलं आणि पलीकडून तू नाक ओढल्याचा आवाज आला. नीलू, त्या क्षणासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे, आणि हे तुला कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू वादात जिंकली असतीस.

तुझी गोड बोलून काम काढायची रीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर मी फार जवळून बघितली. ज्यांच्या घरी होतं त्या बाईंचं नाव घेत नाही, त्या तुझ्या तेराव्यालाही येतील. वाण म्हणून स्टीलच्या छोट्या डब्या, तिळाच्या वड्या, आणि मधेच त्या म्हणाल्या, "आमच्या सानिकाच्या शेजारी त्या निग्रो मुलीला बसवलंय. ह्यांना बिलकुल आवडलेलं नाही. जागा बदलता येईल का हो?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आधी तो शब्द बदला. आणि सानिकाला दुसरीकडे बसवायचं तर दुसऱ्या शाळेत बसवा." कुणीतरी घाईने अत्तरदाणी पुढे केली. तू तिळाची वडी मोडत शांतपणे म्हणालीस, "अहो, हलवते की. पण सानिकाचं भूमितीत जे सुधारलंय ना, ते अबेनामुळे. अबेना पहिली आहे वर्गात. बघा बाई, तुम्हीच ठरवा." सानिका हलली नाही. पुढच्या वर्षी हळदीकुंकवाचं बोलावणं तुला आलं आणि मला आलं नाही.

यावर तू कितीदा हसलीस. "एवढं वाटतं ना, मग मान्य कर, कुणाचं चाललं?" तुझंच चाललं. पण मी तुला तेव्हाही विचारलं आणि आज पुन्हा विचारते, अबेना गणितात ढ असती तर? तिने शेजारी बसायचा हक्क मार्क मिळवून कमवायचा? सानिकाला तर कुणी काही विचारलं नाही. तू म्हणायचीस, "आपण इथे पाहुणे आहोत, मंजे. व्हिसावर जगणारी माणसं. भाषणं देऊन माणसं घरी जातात, टाइमटेबल मात्र मागे राहतं." मी म्हणायचे, "टाइमटेबल दर एप्रिलला बदलतं, नीलू. एफ का मोडली हे कुणाला सांगितलंच नाहीस. पैसे वाचावे म्हणून मोडली असंच सगळ्यांना माहीत. मुलं वाढली, पैसे आले, की कोण कशाला आठवेल? कुणाला लाजही वाटणार नाही." तू पेन बंद करून डब्याचं झाकण लावायचीस. आपला वाद बहुतेक वेळा मधल्या सुट्टीची घंटा मिटवायची.

हॉस्पिटलमध्येही सोडला नाहीस. हाताला सलाईन, ओठ कोरडे, आणि तू मला सांगतेस, "नवीन टॉवर भरताहेत. ॲडमिशन वाढणार. तुकड्या वाढतील. तू मधे पडू नकोस, मी येऊन बघते." मी म्हटलं, "तू येऊन काय बघणार, परत काहीतरी गोड गोड कारण शोधशील." तू म्हणालीस, "शोधीन. तू बोललीस तर संपलंच." नर्सने येऊन मला बाहेर काढलं. मला वाटलं, उरलेलं उद्या. सकाळी ईशाचा फोन आला. ती पोर एरवी मावशी म्हणते आणि पुढचं सगळं इंग्रजीत. त्या दिवशी फक्त "मावशी" म्हणाली आणि पुढे तिला कुठलीच भाषा सुचेना.

परवा अबेना तुझ्या घरी आली होती. बोर्डाच्या दोन पेपरांच्या मधे, बारावीच्या गणवेशात. सायन्स, बायोलॉजीसकट. पुढे नर्सिंग करणार म्हणते. बरोबर आई आणि धाकटा कोफी. आईने तुझ्या फोटोला हात जोडले, मग कसे जोडतात ते बरोबर आहे ना म्हणून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कोफी आता आठवीत जाणार. अबेनाने मला बाल्कनीत बाजूला घेतलं. "मॅम, बसमध्ये मुली म्हणताहेत, कोफी विल बी इन अ सेपरेट सेक्शन. इज इट ट्रू?" मी म्हटलं, छे, अफवा. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "आय वॉज इन एफ, मॅम. व्हाय डिड दे स्टॉप इट दॅट टाइम?" मला तिला सांगता येईना. पैसे वाचवायला, असं सांगू? ज्या मुलीचं आयुष्य त्यातून बदललं, तिला आपण कधी सांगितलंच नव्हतं की तिच्यावर अन्याय होत होता आणि म्हणून तो थांबवला. तिला वाटत होतं, तिचं नशीब.

ती अफवा नव्हती, हे मला काल केबिनमध्ये कळलं.

आणि आज सकाळी मी पुन्हा सरांकडे गेले. हे तुला सांगायलाच बसले आहे. खरं सांगू, जाताना तुझंच कारण तयार ठेवलं होतं. ग्लोबल सेक्शनला वेगळा वर्गशिक्षक लागेल, फ्रेंचच्या मॅडम एकट्याच आहेत, तास जुळत नाहीत, सहाच तुकड्या करू पण सगळे मिसळून, मुलं भाषेच्या तासाला आजवर खोल्या बदलत आली तशीच बदलतील. बिनचूक होतं. तू शाबासकी दिली असतीस. कॉरिडॉरमध्ये भाषेच्या तासाची घंटा झाली, सातवीच्या मुलींचा लोंढा आला, मी भिंतीला चिकटून उभी राहिले. त्या हातात हात घालून गेल्या. मग मी आत गेले, खुर्चीवर बसले, आणि माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"सर, ही काळ्या मुलांची वेगळी तुकडी आहे. नाव काहीही द्या. नीलिमाने ती मोडली ती खर्चासाठी नाही, ते चुकीचं होतं म्हणून. मी हे टाइमटेबल करणार नाही. सगळ्यांना मिसळून सहा तुकड्या करते, हवं तर आजच करते."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते इंग्रजीत बोलले, पण मी तुला आपल्या भाषेत सांगते. म्हणाले, तुम्हाला काय वाटतं मंजिरी मॅडम, मला तेव्हा कळलं नव्हतं? इतकी वर्षं शाळा चालवतोय. नीलिमा मॅडम काय करताहेत ते मला पहिल्या मिनिटाला कळलं. त्यांनी मला सही करता येईल असं कारण दिलं, म्हणून मी सही केली. तुम्ही मला असं कारण दिलंत की आता त्याला उत्तर द्यावं लागेल. तुम्ही हे बोलला नसतात तर कदाचित मी यंदाही काहीतरी जमवलं असतं. आता तुम्ही बोललात, मी ऐकलं, ते न ऐकल्यासारखं मला करता येत नाही. हे वर न्यावं लागेल.

मी म्हटलं, "मग न्या."

"बुधवारी मॅनेजमेंटची मीटिंग आहे," ते म्हणाले. "तुम्हीच या. हेच, याच शब्दांत सांगा. मी मधे पडणार नाही." मग, मी दाराशी गेल्यावर, हळूच हिंदीत म्हणाले, "नीलिमा मॅडम होतीं, तो आपको रोक लेतीं."

हो, थांबवलं असतंस. ओढणी धरून ओढली असतीस. घरी आल्यावर मिलिंदनेही तेच विचारलं, "नीलूच्या मार्गाने का नाही गेलीस?" त्याला काय सांगू? की नीलूच्या मार्गाने जायला नीलूच लागते? की अबेनाच्या प्रश्नाला मला एकदा तरी उत्तर द्यायचं होतं? दोन्ही खरं आहे. माझ्या हातून कदाचित कोफीचं वर्ष जाईल, हेही खरं आहे. सर गप्प राहून सांभाळत होते ते मी एका वाक्यात उधळलं असेल. मला माहीत नाही, आणि हे न माहीत असणं घेऊन मी घरी आल्यापासून घरभर फिरतेय.

तूच इतकी वर्षं सांगत होतीस, बोललीस तर संपलं. आज माझ्या कानात तेवढंच वाजतंय. आजवर तुझ्याशी वाद घालताना मला फक्त जिंकायचं असायचं, तुझं तोंड बंद करायचं असायचं, मधल्या सुट्टीपुरतं का होईना. बुधवारी मला तसं काही नकोय. बुधवारी त्या टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी मी बोलल्यावर ऐकावं आणि कोफीला इतरांबरोबर बसवावं, एवढंच हवंय. त्यासाठी तुझं म्हणणं खोटं ठरावं लागेल, आणि ते खोटं ठरलं तर तोंड पाडून "बरं बाई, तू जिंकलीस" म्हणायला तू नसशील. तरीही मी तेच मागतेय. नीलू, एवढं एकदा तू चुकलेली असू दे.